गळ्याला मार लागल्यानंतर एक स्वरतंतू हलत नसेल, तर सहा महिने थांबावे का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपल्या चोवीस वर्षांच्या धाकट्या भावाला कबड्डीच्या सामन्यात पकडीच्या झटापटीत समोरच्या खेळाडूचा गुडघा गळ्यावर बसला. त्याच रात्री त्याचा आवाज बसला आणि थुंकीतून थोडे रक्त पडले. जवळच्या रुग्णालयात मानेचा एक्स-रे काढून ‘हाड मोडलेले नाही’ असे सांगण्यात आले व वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवण्यात आले. आज बारावा दिवस आहे. आवाज अजूनही फुसका आणि घोगरा आहे, पाणी पिताना ठसका लागतो, आणि नाकातून दुर्बीण घालून तपासल्यावर ‘डावा स्वरतंतू हलत नाही, सहा महिने वाट पाहू’ असा सल्ला मिळाला आहे. हा सल्ला मानावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे, की स्वरतंतू का हलत नाही याचा छडा लागल्याशिवाय थांबू नये. ‘तंतू हलत नाही’ हे दुर्बिणीतून दिसलेले चित्र आहे. त्यामागचे कारण अजून सापडलेले नाही. नस दुखावली असेल, तर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थांबणे हा रीतसर उपचाराचाच भाग ठरतो. सांधा निखळला असेल किंवा कूर्चा (हाडाहून मऊ, लवचीक भाग) मोडून तुकडा सरकला असेल, तर मात्र जाणारा प्रत्येक आठवडा दुरुस्ती अवघड करत जातो. एकाच चित्रामागे अशी परस्परविरुद्ध वेळापत्रके असल्यामुळे पुढचे आठ-दहा दिवस आपल्या भावाच्या आवाजासाठी महत्त्वाचे आहेत.

आधी रचना थोडी समजून घेऊ. गळ्यासमोर जो कंठमणी हाताला लागतो, तो थायरॉइड कूर्चेचा पुढचा कोन आहे. (थायरॉइड ग्रंथी निराळी, ती याच्या खाली असते.) ही कूर्चा अर्धवट उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखी असते आणि दोन्ही स्वरतंतूंची पुढची टोके तिच्या आतल्या कोनाला जोडलेली असतात. तिच्या खाली अंगठीसारखी क्रिकॉइड कूर्चा असते आणि त्या अंगठीच्या मागच्या कडेवर ॲरिटेनॉइड नावाच्या दोन छोट्या कूर्चा सांध्याने बसवलेल्या असतात. तंतूंची मागची टोके या ॲरिटेनॉइडना जोडलेली असल्यामुळे तंतू उघडणे आणि मिटणे म्हणजे प्रत्यक्षात या दोन छोट्या सांध्यांची हालचाल असते. त्या हलवणाऱ्या स्नायूंची नस खालून वर येते आणि थायरॉइड व क्रिकॉइड जिथे जोडलेल्या असतात, नेमक्या त्या सांध्याच्या मागून स्वरयंत्रात शिरते. गळ्यावर समोरून जोराचा आघात झाला की स्वरयंत्र मागच्या मणक्यांवर दाबले जाते, आणि त्या दाबात ही नस चेंगरू शकते, ॲरिटेनॉइड जागेवरून सरकू शकते, किंवा थायरॉइड कूर्चेला उभी भेग पडू शकते. तिन्हींचा परिणाम वरवर एकच दिसतो.

एक्स-रेविषयी स्पष्ट सांगतो. मानेच्या एक्स-रेमध्ये मणके दिसतात आणि ऊतींमध्ये हवा शिरली असेल तर तीही दिसते; पण स्वरयंत्राच्या कूर्चेची भेग त्यात बहुधा दिसतच नाही. तेव्हा ‘हाड मोडलेले नाही’ हे विधान मणक्यांपुरते खरे असले, तरी स्वरयंत्राबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. या बाबतीत उपयोगाची तपासणी म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा सिटी स्कॅन, तोही स्वरयंत्रावर केंद्रित केलेला. चिठ्ठीवर नुसते ‘मानेचा सिटी’ असे लिहिले तर काही ठिकाणी जाड छेद काढले जातात आणि बारीक भेग निसटते. म्हणून ‘स्वरयंत्रास मार, स्वरतंतू अचल’ अशी नोंद चिठ्ठीवर असावी. डावा तंतू हलत नसल्यामुळे स्कॅन छातीच्या वरच्या भागापर्यंत घ्यावा, असेही मी सुचवेन. कारण डावी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि मग वर येते. आपल्या भावाच्या बाबतीत कारण गळ्यातच असण्याची शक्यता फार मोठी आहे, पण स्कॅन होतच आहे तर हा मार्ग पाहून घेण्यात काही वाया जात नाही.

तरुण रुग्णांच्या स्कॅनमध्ये आणखी एक अडचण असते. विशी-पंचविशीपर्यंत थायरॉइड कूर्चेचा बराचसा भाग मऊच असतो, त्यात हाडासारखा कठीणपणा अजून आलेला नसतो. अशी कूर्चा आघाताने वाकते आणि पुन्हा जागेवर येते. तिला पडलेली भेग सिटी स्कॅनवर अंधूक दिसते किंवा दिसतही नाही. याउलट साठीतल्या माणसाची कठीण झालेली कूर्चा तुकडे होऊन फुटते आणि ती स्कॅनवर ठळक दिसते. म्हणून तरुणाचा स्कॅन अहवाल ‘सामान्य’ आला तरी दुर्बिणीत काय दिसते आणि आवाजात नेमका काय बदल आहे, यांना अहवालापेक्षा अधिक वजन द्यावे. अशा वेळी एमआरआयचाही काही प्रमाणात उपयोग होतो.

आता दुर्बीण. स्वरयंत्र जिवंतपणी हलताना पाहण्याची कला शस्त्रवैद्याने आणली नाही, हे मला नेहमी गमतीचे वाटते; मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने 1854 मध्ये पॅरिसला दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. आज नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण असते आणि तपासणी चित्रित करता येते. आपल्या भावाची तपासणी चित्रित झालेली नसेल तर ती पुन्हा करून घ्यावी, आणि शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपीसह. स्ट्रोबोस्कोपीत प्रकाश अशा गतीने लुकलुकतो की सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावणारा तंतू सावकाश हलताना दिसतो, आणि त्यामुळे तंतूच्या अस्तराला व्रण आहे का, आत रक्त साकळले आहे का, दोन्ही तंतू एकाच पातळीवर भेटतात का, हे कळते.

त्या चित्रणात मी काय पाहीन ते सांगतो. रुग्णाला आधी ‘ई’ म्हणायला लावायचे आणि लगेच नाकाने हुंगायला सांगायचे, असे पाच-सहा वेळा. ‘ई’ म्हणताना निरोगी बाजूची ॲरिटेनॉइड मध्यापर्यंत येते आणि अचल बाजूच्या ॲरिटेनॉइडला टेकते. त्या क्षणी अचल बाजू धक्क्याने किंचित बाहेर सरकत असेल, तर सांधा मोकळा आहे आणि दोष नसेत असण्याकडे कल जातो. ती जराही ढळत नसेल, तर सांधा जखडल्याची किंवा निखळल्याची शंका घ्यावी लागते. दुसरे म्हणजे पातळी: निखळलेली ॲरिटेनॉइड बहुधा पुढे झुकलेली दिसते, त्या बाजूचा तंतू ढिला आणि आखूड दिसतो, आणि दोन तंतू एकमेकांच्या वर-खाली राहतात. अशा रुग्णाचा आवाज फुसका असतोच, शिवाय खरखरीत असतो आणि कधीकधी एकाच वेळी दोन स्वर निघाल्यासारखा वाटतो. नस दुखावली असेल, तर आवाजातून हवा गळते आणि पातळ पदार्थांचा ठसका लागतो. सूर उंच चढवता येत नाही आणि आवाज एकसुरी झाला आहे, अशी तक्रार असेल तर तंतू ताणणाऱ्या स्नायूची वेगळी नस तपासावी. थायरॉइडचा कोन चेपला असेल, तर तंतू सैल पडल्यामुळे आवाज खाली उतरतो, आणि बोटाने चाचपल्यावर कंठमणीचा उंचवटा पूर्वीपेक्षा सपाट लागतो. भावाचे जुने छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले तर हे घरीही लक्षात येऊ शकते.

चौथी शक्यता आहे ती साध्या सुजेची. स्वरतंतूच्या बाजूच्या पोकळीत रक्त साकळले तर तंतू दबून स्थिर दिसतो, आणि रक्त विरले की आपोआप हलू लागतो. ही शक्यता असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा दुर्बीण घातल्यावर फरक दिसला पाहिजे. बाराव्या दिवशीही काहीच फरक नसेल, तर केवळ सूज हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

नस आणि सांधा यांतला निर्णय दुर्बीण व स्कॅन यांनी होत नसेल, तेव्हा स्वरयंत्राची ईएमजी उपयोगी पडते. मानेच्या त्वचेतून बारीक सुई स्वरतंतूच्या स्नायूत घालून विद्युतसंकेत नोंदवतात. ही तपासणी आपल्याकडे मोठ्या शहरांतील मोजक्याच केंद्रांत होते. नस कितपत खराब झाली आहे आणि सुधारेल का, याचा अंदाज घ्यायचा तर ती तीन-चार आठवड्यांनंतर करावी लागते, कारण नस तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला तेवढा वेळ लागतो. परंतु स्नायूतून भरघोस संकेत येत आहेत आणि तरीही तंतू हलत नाही असे दिसले, तर नस शाबूत आहे आणि अडथळा सांध्यात आहे, हे लवकरही कळू शकते. याखेरीज भूल देऊन उपकरणाने ॲरिटेनॉइड हलवून पाहणे हा जुना मार्ग आहे, आणि सांधा मोकळा की घट्ट हे त्यातून थेट हाताला कळते.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. ‘ॲरिटेनॉइड निखळली’ हे निदान अलीकडे जरा सढळ हाताने केले जाते, विशेषतः भूल देताना नळी घातल्यानंतर आवाज बसलेल्या रुग्णांत. या सांध्याचे बंध मजबूत असतात, आणि तशा रुग्णांपैकी अनेकांत दोष खरे तर नसेचा निघतो. बाहेरून जोराचा मार लागलेला असेल तेव्हा हे निदान अधिक विश्वासार्ह ठरते, पण तेव्हाही पुराव्याशिवाय ते मान्य करू नये.

उपचार कारणाप्रमाणे बदलतात. सांधा निखळला असेल, तर भूल देऊन दुर्बिणीखाली ॲरिटेनॉइड हलक्या दाबाने पुन्हा जागेवर बसवतात. हे पहिल्या काही दिवसांत उत्तम साधते आणि साधारण तीन आठवड्यांनंतर यशाची शक्यता घटत जाते, कारण सांध्यात तंतुमय ऊती भरून तो जखडतो. उशिराही काहींना लाभ होतो, पण त्याची हमी देता येत नाही.

कूर्चा मोडून सरकली असेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत करणे श्रेयस्कर मानले जाते. मानेवर आडवा छेद घेऊन तुकडे जागेवर आणतात आणि टायटॅनियमच्या किंवा विरघळणाऱ्या छोट्या पट्ट्यांनी बसवतात. एक-दोन मिलिमीटरचे सरकणे श्वासाच्या दृष्टीने क्षुल्लक असते, पण त्याने तंतूची लांबी आणि ताण बदलतो, म्हणून आवाजासाठी ते क्षुल्लक नसते. दहा-बारा दिवसांनंतर तुकडे जुळू लागतात आणि ते सोडवून बसवणे कष्टाचे होते. तरीही बाराव्या दिवशी वेळ टळून गेली असे मी म्हणणार नाही. महिन्यानंतर मात्र जुळलेली कूर्चा पुन्हा कापून बसवण्याची वेळ येते.

नस दुखावली असेल आणि स्कॅन व दुर्बीण यांतून बाकीची कारणे वगळली गेली असतील, तर थांबण्याचा सल्ला योग्य आहे. चेंगरलेली नस सहा ते बारा महिन्यांपर्यंत सुधारू शकते, म्हणून या काळात कायमची शस्त्रक्रिया करत नाहीत. पण या काळात काहीच करायचे नाही, असा याचा अर्थ नव्हे. अचल तंतूत हायलुरॉनिक ॲसिडसारखे काही महिन्यांत विरघळणारे द्रव्य टोचून तो मध्याकडे सरकवता येतो. हे अनेकदा बधिरीकरण करून, रुग्ण जागा असतानाच होते. आवाज त्याच दिवशी सुधारतो, ठसका कमी होतो, आणि असे लवकर केलेल्या रुग्णांना पुढे कायमच्या शस्त्रक्रियेची गरज कमी पडते असे काही अभ्यासांत दिसले आहे. वर्षानंतरही तंतू हलला नाही, तर थायरॉइड कूर्चेला छोटी खिडकी करून त्यातून तंतू आत ढकलणारी शस्त्रक्रिया करतात. या पद्धतीचे वर्गीकरण जपानचे इशिकी यांनी 1974 मध्ये मांडले आणि ती आज जगभर रूढ आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी पहिल्या काही तासांबद्दल थोडे लिहितो. गळ्याला मार लागल्यानंतर आवाज बदलला, थुंकीत रक्त आले, गिळताना दुखू लागले, किंवा गळ्याची त्वचा दाबल्यावर खाली चुरचुर जाणवली, तर बाहेरून खरचटलेलेही नसले तरी त्या माणसाला रुग्णालयातच ठेवावे. त्वचेवरच्या खुणांवरून आतल्या इजेचा अंदाज येत नाही. सूज पहिल्या चोवीस तासांत वाढत जाते, आणि संध्याकाळी नीट बोलणाऱ्या माणसाचा श्वास पहाटे कोंडू शकतो. किरकोळ इजेत डोके उंच ठेवणे, दमट हवा, आवाजाला विश्रांती, आम्लपित्ताची गोळी, आणि सुरुवातीलाच स्टिरॉइड, एवढ्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास देखरेख पुरते. (स्टिरॉइडचा काही उपयोग असेल तर तो सुरुवातीच्या काळातच, बाराव्या दिवशी सुरू करण्यात मला अर्थ दिसत नाही.) श्वास घेताना घरघर येत असेल, तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून आधी श्वासमार्ग सुरक्षित करायचा असतो. फाटलेल्या स्वरयंत्रातून अंदाजाने नळी ढकलली तर उरलेला मार्गही बंद होऊ शकतो, त्यामुळे गंभीर इजेत रुग्ण जागा असताना, गळ्याचा खालचा भाग बधिर करून ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे श्वासनलिकेला समोरून छेद देऊन श्वासासाठी वाट, करणे अधिक सुरक्षित असते.

इजेची तीव्रता ठरवण्यासाठी शेफर आणि फुरमन यांच्या नावाने ओळखली जाणारी पाच गटांची वर्गवारी आम्ही वापरतो. पहिल्या गटात किरकोळ सूज व रक्त साकळणे असते आणि पाचव्या गटात स्वरयंत्र श्वासनलिकेपासून सुटलेले असते. पाचव्या गटातले रुग्ण अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि जे पोहोचतात त्यांच्या दोन्ही बाजूंच्या नसा बहुधा तुटलेल्या असतात. दुचाकीच्या चाकात किंवा मळणी यंत्रात ओढणी अडकून गळा आवळला जाणे आणि शेतातली न दिसलेली तार गळ्यावर बसणे, ही अशा इजेची आपल्याकडची परिचित कारणे आहेत. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने दुचाकीस्वाराचा गळा कापला जातो, ती निराळ्या जातीची जखम: धारदार, उघडी, आणि म्हणून निदानाला तुलनेने सोपी. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या मांजावर देशभर बंदी घातली, तरी असे रुग्ण दर वर्षी येतातच. उघड्या जखमेत आतले अस्तर बारीक टाक्यांनी तंतोतंत जुळवणे आणि तंतूंची पुढची टोके पुन्हा कूर्चेला बांधणे, यावर पुढचा आवाज अवलंबून असतो. अस्तर उघडे राहिले तर दोन्ही तंतू पुढे एकमेकांना चिकटतात, आणि ते सोडवणे मूळ शस्त्रक्रियेहून जिकिरीचे होते.

आपल्या भावाकडे परत येतो. स्कॅन आणि चित्रित दुर्बीण तपासणी याच आठवड्यात व्हावी, आणि दोन्ही स्वरयंत्राच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावी. सहा महिन्यांचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांशी यासाठी वितुष्ट घेण्याचे कारण नाही. ‘सांधा आणि कूर्चा यांचा दोष वगळला आहे का’ एवढा प्रश्न विचारला तर बहुतेक डॉक्टर स्वतःच पुढे पाठवतात. तोपर्यंत पाणी लहान घोटांनी, हनुवटी छातीकडे झुकवून प्यावे. ठसका फार लागत असेल तर दाटसर द्रव द्यावेत, आणि ताप किंवा कफ सुरू झाला तर अन्न-पाणी श्वासमार्गात जात असल्याची शंका घेऊन लगेच दाखवावे. बोलणे मर्यादित ठेवावे, पण जोर लावून कुजबुजू नये. त्यात स्वरयंत्राचे स्नायू उलट अधिक आवळले जातात. ज्येष्ठमध आणि मध यांना माझी हरकत नाही, फक्त त्यांनी सांधा जागेवर येत नाही.

वाचोपचारतज्ज्ञाची भेट आताच घ्यावी. ते आवाजाची पहिली नोंद करून ठेवतील: एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो, आवाजाचा खरखरीतपणा किती, रोजच्या कामात अडचण किती. निरोगी प्रौढ माणूस ‘आ’ साधारण पंधरा ते पंचवीस सेकंद धरतो. दहाच्या खाली आकडा आला तर तंतूंमधली फट लक्षणीय आहे असे समजावे. पुढे सुधारणा होते आहे की नाही, हे याच आकड्यांवरून ठरेल. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणदोषांवर काम करते. गावापासून ती दूर असेल तर पहिल्या भेटीनंतरचे बरेचसे व्यायाम व्हिडिओ कॉलवरही शिकता येतात.

खेळाबद्दल आपण विचारले नाही, पण भाऊ विचारेलच. चढाई करताना ‘कबड्डी कबड्डी’चा दम एका श्वासात राखावा लागतो, आणि तंतूंमध्ये फट असताना हवा गळत असल्यामुळे तो दम अर्ध्यावरच तुटतो. शिवाय पकडीत अंगाला जोर लावताना आपण नकळत स्वरतंतू घट्ट मिटून श्वास कोंडतो. फट असेल तर तो जोरही पुरेसा लागत नाही. भेग असेल तर किमान सहा ते आठ आठवडे गळ्यावर पुन्हा मार बसण्याची शक्यता असलेला कोणताही खेळ नको, आणि त्यानंतरही मैदानात उतरण्याआधी दुर्बिणीची एक तपासणी व्हावी.